पळण्यापुरती वाडी

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात मी आरोग्य उपकेंद्राची नर्स आहे. केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहते. कुत्री मला तिथल्याच पडवीत सापडली होती, डोळे नुकते उघडलेली. वाढली तशी पाय नुसते लांबत गेले. जे पळेल त्याच्यामागे ती पळायची. कोंबडी, बकरी, मोटारसायकल, काहीही. पहिल्याच वर्षी तिनं शेजारची कोंबडी मारली आणि लोक दारात आले.

"बांधून ठेवा जी सिस्टर, नाईतर आमीच पाहून घेऊ तिले."

बांधली. साखळीभोवती गोल फिरून फिरून तिनं अंगणात खड्डा पाडला आणि गळ्याची कातडी सोलून घेतली. मग तेच लोक विचारायला आले, "काऊन भुंकून रायली दिवसभर?" माझ्या तोंडावर आलं होतं की तुम्हाला बांधलं तर तुम्ही काय कराल. गावात नोकरी करायची म्हणजे निम्मं गिळावं लागतं.

तिला रोज तासभर सुटं पळता येईल अशी चहूबाजूंनी बंद जागा मी शोधायला लागले. शाळेच्या मैदानाची भिंत चांगली उंच होती, पण मागच्या बाजूला लोकांनी जवळचा रस्ता म्हणून ती पाडलेली. शिवाय मुलं घाबरतात, असं मुख्याध्यापक म्हणाले. ते बरोबरच होतं. मग धानाच्या गोदामाचं आवार पाहिलं. भिंत, लोखंडी फाटक, आत मोकळं अंगण. मी खूश झाले होते, तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागे उंदराच्या औषधाच्या पुड्या दिसल्या, फोडून मांडलेल्या. हमाल हसला. "कुत्र्याले थोडीच ठेवला, उंदरायसाठी हाये." जसं काही कुत्रीला पुडीवरचं वाचता येणार होतं.

तेव्हापासून मी जागा पाहायला शिकले. नुसतं फाटकातून डोकावून काही कळत नाही. पूर्ण कुंपण एकदा पायी फिरायचं, वाकून, जमिनीलगत पाहत. फाटकाखाली मूठ जाते का पाहायचं. मूठ गेली तर आधी नाक जातं, मग कुत्री जाते. आत काय सांडलंय, काय टाकलंय, कुंपणापलीकडे बकऱ्या चरतात का, हे विचारायचं. आणि आपल्याशिवाय आत आणखी कोण येतं तेही. माझ्या कुत्रीला बसायला सावली नको होती, तिला सरळ लांब धाव हवी होती.

हे सगळं एका वाडीत मिळालं. नहराच्या काठाला एका शेतकऱ्याची भाजीची वाडी होती. मिरची-वांगी निघाल्यावर ती रिकामी पडलेली. सिमेंटचे खांब, त्यावर कमरेच्या वरपर्यंत जाळी, लाकडी फाटक. त्याची सून पहिलटकरीण, माझ्याच यादीत होती. त्या निमित्तानं घरी जाणंयेणं होतं.

"सोडा जी सिस्टर," तो म्हणाला. "डुक्कर आत नाई येत, तुमचा कुत्रा कोठून बाहेर जाईल?"

मी तरीही कुंपण फिरले. जाळीच्या बाहेर वीतभर उंचीवर एक उघडी तार होती, खुंट्यांवर ताणलेली, पुढे त्याच्या उन्हाळी धानाच्या शेतापर्यंत गेलेली. मी विचारलं, "ही तार कायची?"

"झटका मशीन हाये. सूर्यावर चालते. मरत नाई कोणी, डुक्कर भेऊन पळते बस. अन् दिवसा बंदच रायते."

मी विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर गावभर झालं की सिस्टरनं नीट पाहिलंच नाही.

दीड महिना ती त्या वाडीत धावली. सकाळी केंद्र उघडण्याआधी मी फाटक लावून घ्यायची, साखळी सोडायची, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी जायची की पोट जमिनीला लागतंय असं वाटावं. गळ्याची जखम भरली. भुंकणं थांबलं.

मोहफुलं पडायचे दिवस होते. त्या सकाळी वाडीशेजारच्या झाडाखाली एक म्हातारी गोंड बाई फुलं वेचत होती. मी साखळी सोडली. मागच्या जाळीवर एक खार चढली, कुत्री तिच्यामागे गेली आणि पुढचे दोन्ही पाय तिनं जाळीवर टाकले. एकच आवाज आला. तो भुंकण्याचाही नव्हता, रडण्याचाही नव्हता. ती जाळीला चिकटून राहिली. मी धावले, हात पुढे केला.

"हात नोको लावू वो बाई! करंट हाये!" म्हातारी ओरडली. टोपली टाकून ती आली, फुलं पाडायचा वाळका बांबू जाळीवरून आत घातला आणि कुत्रीला ढकलून पाडलं. मी तिची छाती दाबत राहिले, माणसाची दाबतात तशी. बराच वेळ. म्हातारीनंच शेवटी माझा खांदा धरला.

झालं होतं असं. झटक्याची मशीन आठवड्यापूर्वीच बिघडली होती. शेतकऱ्यानं सरळ विजेच्या खांबावर आकडा टाकून तार जोडली होती. सकाळी आकडा काढायचा राहिला, आणि मागच्या बाजूला तार सैल होऊन जाळीला टेकली होती.

तो आला. पाहिलं. म्हणाला, "काढाचा राहून गेला जी." मग तारेकडे पाहत, "कुत्राच त व्हता. दुसरा आणून देतो."

मी त्याला काहीच बोलले नाही. याचा मला आजही राग येतो. कुत्रीला उचलून आणलं, केंद्रामागे पुरलं, हात धुतले आणि नऊ वाजता केंद्र उघडलं. आठवडाभर मी स्वतःलाच खात होते. त्याचा शब्द का धरला, तार रोज का नाही पाहिली.

मग सुनेच्या तपासणीची तारीख आली. मी घरी गेले, सासरा शेतावर गेलेला. मी तिच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळत होते, तेव्हा ती हळूच बोलली.

"सिस्टर, मागच्या साली आमचं वासरू बी तेथीच, आकड्याच्या करंटनंच मेलं. मामाजीनं पुरलं अन् कोनाले सांगाचा नाई म्हनले. मी रोज त्याच धुऱ्यानं पान्याले जातो."

सातवा महिना चालू होता तिला.

म्हणजे सासऱ्याला माहीत होतं. वासरू गेलं तेव्हा कळलं होतं, तरी त्यानं पुन्हा आकडा टाकला, मला "सोडा जी" म्हणाला आणि पोटुशी सून त्या बांधावरून घागर घेऊन जाताना रोज पाहिली. त्या घरातून निघाले, ती तशीच वीज कार्यालयात गेले. तिथला साहेब म्हणाला, "मॅडम, कुत्ते के लिए कंप्लेंट?" मी म्हटलं, "माणसासाठी आहे, तो अजून मेला नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही." लेखी दिलं. शिक्का मारून पोच घेतली. तीच प्रत ठाण्यातही दिली. वासराचं कोणी सांगितलं ते मात्र लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लाइनमन आले, आकडा काढला, तार गुंडाळून नेली. शेतकऱ्याला ठाण्यात बोलावलं. आणि गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. कुत्र्यापायी माणसाला ठाण्यात नेलं म्हणे. सरपंच समजूत घालायला आले. "सिस्टर, डुक्करं एका रातीत धानाची बांधी साफ करतात. त्यानं काय कराचं?" करायचं काय ते मी सांगितलं: मशीन दुरुस्त करायची. डुकरांचा त्रास मला दिसत नाही असं नाही. पण मोहफुलं वेचणारी बाई डुक्कर नाही, आणि सूनही नाही.

त्या दिवसांत फक्त ती म्हातारी यायची, गुडघ्याच्या गोळ्या न्यायला. घटकाभर बसायची, जायची.

सुनेला मुलगी झाली. दीड महिन्यांनी लसीकरणाच्या दिवशी सासराच नातीला घेऊन आला, टॉवेलात गुंडाळून. वाडीला आता नवी मशीन आहे, हे त्यानं आपणहून सांगितलं. मग विचारलं, "सिस्टर, राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं. "मुलीचा पाय घट्ट धरा."

त्यानं धरला. मी सुई दिली, ती किंचाळली, आणि कार्डावर पुढची तारीख लिहून मी पुढच्या बाईला हाक मारली.