वेणूबाईच्या कार्डावरची पहिली ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. यजमानांजवळ नाही, लेकीजवळ नाही. आणि प्रार्थनेत? तिथेही मी याच्या आजूबाजूने फिरते आणि आमेन म्हणून मोकळी होते. आता यजमान राहिले नाहीत, लेक आपल्या संसारात आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

सानगडीच्या बाजूला एका गावात मी मिशनच्या शाळेत मास्तरीण होते. गावाचे नाव राहू द्या. आमची मंडळी लहानशी — वीस-बावीस घरे, कौलारू चर्च, एक पाळकसाहेब. महिला मंडळाची सेक्रेटरी मीच. माझे अक्षर मोत्यासारखे, भाषा शुद्ध, आणि या दोन्हींचा मला भारी तोरा. पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले — की असे म्हणून मी दोष अक्षरावर ढकलते आहे? असेल. माझी तशी सवयच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, रोवणीच्या आधीच पिवळी पडून वाळली, तलाव आटले. रेशनवर परदेशी ज्वारी, लाल मिलो, यायचा, तोही आला तर आला. आमच्या मंडळीत एक रीत होती — शिजवायला तांदूळ घेताना प्रत्येक घरी एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची आणि रविवारी चर्चमधल्या डब्यात ओतायची. त्या वर्षी बायका रिकाम्या हाताने यायला लागल्या, आणि शरमेने मागे दाराशी बसायला लागल्या.

तेव्हा पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितले, मूठ नसेल तर घरटी एक पोस्टकार्ड द्या. आमदारांना लिहा की आम्ही उपाशी आहोत, आमच्या तलावाचा गाळ काढायचे काम सुरू करा. शेजारच्या गावांत दुष्काळी कामे निघाली होती. कामावर मजुरी मिळायची, दुपारी खायला सुकडी मिळायची. आमच्या गावाचे नाव त्या यादीत नव्हते. ते यादीत यावे, एवढीच सगळी धडपड.

कार्डे चर्चने आणली. लिहिता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चर्चच्या पडवीत टेबल टाकून तीन दिवस बसले. मंडळीचे लोक आले, मग मंडळीबाहेरचेही आले, भुकेला कुठे धर्म असतो! ते सांगायचे, मी लिहायचे, खाली अंगठा घ्यायचे.

आणि प्रत्येक कार्डाची सुरुवात मी एकाच ओळीने केली — देवाच्या कृपेने आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी. का? कारण पत्र असेच सुरू होते. मी मुलांना असेच शिकवले होते. मायना, मग खुशाली, मग मजकूर. उपाशी माणसाच्या पत्रात ही ओळ कशी दिसेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. खरेच नाही. पण तिसऱ्या दिवशी तो मला एकीने बोलून दाखवला.

ती वेणूबाई. ढिवरांच्या वस्तीतली, विधवा. तलावात मासे धरून विकायची. तलाव आटला तशी तिची चूल बंद पडली. घरी आंधळी सासू. कार्ड लिहून झाल्यावर बाकी सगळे अंगठा देऊन निघून जायचे, ही म्हणाली, "काय लिवलं थे वाचून दावा." मी वाचले. ती पहिल्याच ओळीला थांबली.

"खुशाल कायले लिवलं, बाई? मी कोटं खुशाल हावो? दोन दिस झाले, बुडीच्या पोटात काई नाई."

मी तिला काय म्हटले माहीत आहे? म्हटले, "वेणूबाई, पत्राची रीत असते. मोठ्या माणसाला लिहिताना असे एकदम रडायचे नसते." ती ओशाळली. "बरं मंग, तुमाले ठाऊक," म्हणाली आणि अंगठा दिला.

रविवारी सगळी कार्डे दानाच्या टोपलीत ठेवून पाळकसाहेबांनी त्यांवर प्रार्थना केली आणि माझे नाव घेऊन देवाचे आभार मानले. मी मान खाली घातली. आतून मात्र फुलले होते.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेच्या दारात जीप थांबली. आमदारांकडचे एक गृहस्थ. पाळकसाहेब भंडाऱ्याला गेलेले, म्हणून ते माझ्याकडे आले. आमची कार्डे सुतळीने बांधून त्यांच्या हातात होती. खुर्चीवर बसले आणि एकेक कार्ड वाचायला लागले. फक्त पहिली ओळ. खुशाल आहोत. खुशाल आहोत. खुशाल आहोत. हसले. म्हणाले, "बाई, हे लोक तर स्वतःच लिहून देऊन राहिले का आम्ही मजेत आहो. मग काम कायले पाहिजे?"

बस, इथेच. इथे मला एकच वाक्य बोलायचे होते — साहेब, ती ओळ माझी आहे, त्यांची नाही. अवघड होते का? नव्हते. लाज वाटली असती, मास्तरीणबाईंनी चूक केली असे झाले असते, एवढेच. मी तोंड उघडलेही होते. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमचे मिस्टर पंचायत समितीत आहेत ना, टेंपररी? त्यांचा पर्मनंटचा कागद आमच्याकडेच आला आहे." म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाला लावला.

ती धमकी होती का? मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आले की होती. पण आवाज गोड होता, आणि मीच घाई केली. मी म्हणाले, "लोकांनी सांगितले तसेच मी लिहिले, साहेब." त्यांनी ते एका कागदावर उतरवले — अर्जदारांच्या सांगण्यावरून लिहिले, गावात उपासमार नाही — आणि मी खाली सही केली. त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

यादी निघाली. आमचे गाव नव्हते. पाळकसाहेब बिचारे म्हणत राहिले, कार्डे पोचलीच नसतील. मी "असेल" म्हणाले. यजमानांची ऑर्डर होळीच्या आधी आली. घरी शिरा केला होता. मी खाल्ला. पोटभर खाल्ला.

त्या उन्हाळ्यात अर्धे गाव नागपूरकडे निघून गेले. आंधळ्या सासूला टाकून वेणूबाई जाणार कुठे? सासू आधी वारली. मग एका दुपारी मी चर्चच्या पडवीत टेबलाशी होते, तिथे वेणूबाई आली. हातापायांवर सूज, ओठ फुटलेले. मला वाटले, हिला कळले. पण ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, माह्यानंच काई चुकलं असन. मले बराबर सांगता नाई आलं साहेबाले. आता नीट सांगतो. एक कार्ड अजून लिवून द्या."

टेबलाच्या खणात कोरी कार्डे होती. मी म्हटले, कार्डे संपली.

"बरं," म्हणाली. उठताना भिंतीचा आधार घेतला. मी तिला पाणी दिले. घरी भात होता, तो दिला नाही. तिला थांबवले असते तर बोलावे लागले असते म्हणून. आठ दिवसांत ती गेली. गावाने म्हटले, तापाने गेली. मीही तसेच म्हटले.

भूक माझ्या हातची नव्हती, पाऊस माझ्या हातचा नव्हता, यादीही कदाचित नव्हती. पण त्या दुपारी ती माझ्यासमोर बसून स्वतःला दोष देत होती, आणि चूक कुणाची ते तिथे एकट्या मला ठाऊक होते. ती स्वतःचीच चूक समजून मेली. मी तिला तसे मरू दिले.