दुसऱ्या मजल्यावरचा खड्डा

आमची गल्ली किती लांब असावी हे सरकारनं ठरवलं नव्हतं, सुतानं ठरवलं होतं. चार लुगड्यांचा ताणा एकदम पसरून त्याला खळ लावायची आणि उन्हात वाळवायची, एवढी ती लांब. सकाळी सायकल काढायची तर सुताखालून वाकून काढावी लागे. दोन्ही बाजूंना एकमजली घरं आणि प्रत्येक घरात मातीच्या जमिनीत एक खड्डा. काठावर बसून विणकर पाय आत सोडी, तळाच्या पावड्या दाबी, की माग चाले. खड्ड्यातल्या ओलीमुळे नागपूरच्या उन्हाळ्यातही सूत तुटत नसे. हे सगळं एकाही नगररचनाकाराच्या मदतीशिवाय जमलं होतं, आणि तोच बहुधा आमचा गुन्हा होता.

मी शाळेत असताना सरकारला आमची दया आली. पहिलं धोरण असं होतं की जागच्या जागी पक्की घरं बांधायची. नमुन्याचं एक घर उभंही राहिलं. विटांच्या भिंती, मागासाठी वेगळी खोली, तीत बांधीव खड्डा. उद्घाटनाला मंत्री आले आणि फोटोसाठी बुटांसकट मागावर बसले. त्यांचे पाय पावड्यांना पोचेनात, म्हणून बाबांनी खाली उतरून पावड्यांवर विटा रचल्या. फोटोत मंत्री आहेत. विटा आहेत. बाबा नाहीत.

मी कॉलेजात जाईपर्यंत धोरण बदललं. शहरात जागा महाग झाली म्हणे, तेव्हा तीच घरं आता एकावर एक रचायची होती. नव्या नकाशात आमच्या गल्लीचा जिना झाला. मागाची खोली 'बहुउद्देशीय' झाली, म्हणजे कुठल्याच उद्देशाची राहिली नाही. चिठ्ठ्या काढल्या आणि बाबांना दुसरा मजला लागला. ते कचेरीत गेले, मीही बरोबर होतो.

"साहेब, मले खालचा गाळा द्या. माग बसवाचा हाय."

बाबूनं मान वर केली नाही. "माग काहून? फुकटात घर भेटून राहिलं ना तुले?" बाबू बाबांहून वीसेक वर्षांनी लहान असावा.

"घर मागावरच चालते ना, साहेब."

"मंग दुसरा धंदा पाहा. पॉलिसी बदलली."

बाबांनी धंदा बदलला नाही, खड्डा बदलला. पाडलेल्या घराच्या विटा आणि फळ्या वर वाहून नेल्या आणि खोलीत कमरेएवढा चौथरा रचला. मधे पोकळी ठेवून तीत पावड्या बसवल्या. आई पाहतच राहिली.

"काहो, आता घरातबी जिना चढा लागते का?"

"जमीन खाली जाऊन नाही राहिली, त मी वर जातो."

चौथऱ्यावर बसलं की डोकं पंख्याला लागे, म्हणून पंखा काढला. ऐन मे महिन्यात! उंचावरच्या कोरड्या वाऱ्यानं सूत तटातट तुटू लागलं, तेव्हा बाबांनी ओली पोती टांगली. महिन्याभरानं पहिलं लुगडं उतरलं. काठ जरा हेलपटला होता, पण आईनं ते नेसून पाहिलं.

मग एक दिवस खालच्या गाळ्यातले पोस्टमन वर आले. भला माणूस, दारात चपला काढून उभा राहिला. मूठ उघडली तर तीत ओल्या प्लास्टरच्या खपल्या होत्या.

"भाऊ, तुमचं लुगडं माह्या ताटात पडून राहिलं."

बाबा हसले आणि त्यांच्याबरोबर खाली गेले. तिथल्या छताला ओल आली होती, भेग गेली होती आणि भेगेच्या बरोबर खाली पोस्टमनच्या नातीचा पाळणा टांगलेला होता. बाबा वर आले आणि पावड्या सोडवायला लागले. पोस्टमननं तक्रार केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिव्या द्यायला समोर एक माणूस तरी मिळाला असता. ज्यांनी हा नकाशा काढला, ते सगळे बदलून गेले होते.

बाबा सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात गिरणीच्या साड्यांच्या घड्या घालू लागले.

काही वर्षांनी तिसरं धोरण आलं. आता हातमाग ही संस्कृती होती आणि तिचं रक्षण करायचं होतं. एक अधिकारी दोन मजले चढून धापा टाकत आला. तीन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि त्यांना 'अस्सल विणकर' हवा होता.

"माग?" बाबांनी विचारलं.

"आम्ही आणू. हिरवळीवर खास खड्डा खणतोय."

"म्हणजे सरकारले जमीन खणता येते त."

अधिकाऱ्याला हा विनोद वाटला. मी बाबांना सांगितलं, जाऊ नका. ते गेले. तीनही दिवस खड्ड्यात पाय सोडून बसले आणि विणत राहिले, समोर भाषणं चाललेली असताना एकदाही मान वर न करता. तिसऱ्या संध्याकाळी हिरवळ खराब नको म्हणून माळ्यांनी खड्डा बुजवला.

बाबा घरी आले ते तसेच, पाय न धुता. प्रत्येक पायरीवर ओल्या मातीचं पाऊल उमटलं, थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत. सकाळी जिन्याच्या तोंडाशी कचेरीची टंकलिखित सूचना लागली होती, की रहिवाशांनी जिना स्वच्छ ठेवावा.

मी ती फाडली. दुपारी दुसरी लागली, तीही फाडली.