शनिवारच्या लाँचेची माणसं

शनिवारी सकाळी लाँच धक्क्याला लागली की माणसांच्या आधी त्यांचा वास उतरायचा. अंगाला चोपडलेल्या क्रीमचा, घामाचा, वेफर्सच्या तेलाचा, आणि वाटेत लाटांनी कुणाचं तरी पोट उलटं केलेलं असायचं, त्याचा. मागोमाग माणसं उतरायची. मावशी ओट्यावर उभी राहून ते बघायची आणि डोकी मोजायची. कारण त्या घोळक्यातले चार-सहा जण सरळ तिच्याच घराच्या पायऱ्या चढणार असायचे.

मावशी हे नाव तिला शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाने दिलेलं. तिथल्या कपड्यांच्या खोलीत तिची सगळी नोकरी झाली. फाटक्या चादरी रफू करायच्या, टॉवेलांच्या सुटलेल्या कडा शिवायच्या, डाग निघणारच नाहीत असे अभ्रे बाजूला काढायचे. माणसं चादरीवर काय काय सोडून जातात ते तिने पाहिलं होतं आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. पण तिथे तिला कधी किळस आली नाही. घाण परक्याची होती, हातात मोजे होते, आणि संध्याकाळी तोंड धुऊन घरी जाता येत होतं.

समुद्राकाठी राहायला जायचं खूळ तिच्या नवऱ्याचं. तो वीज कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. जन्मभर वायरींची भेंडोळी मोजली, पण डोक्यात सतत समुद्र. दोघं निवृत्त झाली तसं त्याने शहरातलं घर विकलं आणि या गावात टुमदार घर घेतलं. गावात गाडी येत नव्हती. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली तर माणसाने भिंतीला पाठ लावायची. बेकरी, औषधाचं दुकान, न्हावी, टपाल, मासळीबाजार, सगळं पायी. "पेट्रोल नको, बस नको, कुणाची मिनतवारी नको," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. डोक्यावर त्याने पांढरी टोपी चढवली, गळ्यात दुर्बीण अडकवली. धक्क्यावरचे खलाशी त्याला चेष्टेने कप्तान म्हणायला लागले. त्याला ती पदवी वाटली.

सोमवार ते शुक्रवार मावशीलाही गाव आवडायचं, अगदी मनापासून. सकाळी चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालत ती बेकरीपर्यंत जायची, गरम पाव फडक्यात गुंडाळून आणायची. मासळीवाल्या तिला आता ओळखून हाक मारायच्या. वापरात चादरी फक्त दोन, आणि त्या दोन्ही आपल्या. एवढ्या सुखाची तिला सवय नव्हती.

पण शनिवार यायचा.

आधी नणंद आली, नवरा-मुलांना घेऊन. मग दीर-जाऊ. मग गोदामातले कप्तानाचे जुने सोबती, आणि त्यांच्या गोष्टी ऐकून त्यांच्यातल्या एकाच्या मुलीच्या सासरची माणसं. "घर तुमचंच समजा," असं कप्तान फोनवर म्हणायचा, आणि लोक अक्षरशः तसंच समजायचे. समुद्रातून आलेलं अंग तसंच गादीवर टाकायचे. ओले टॉवेल उशांवर, वाळू पांघरुणांच्या घड्यांत. नणंदेचा नवरा ओट्यावर बसून पायाची नखं कापायचा आणि त्या पिवळ्या चंद्रकोरी चहाच्या बशीत गोळा करायचा, जणू फार स्वच्छतेचा माणूस. एकदा तर मावशीला साबणाला चिकटलेली बँडेजपट्टी मिळाली, आतल्या जखमेसकट म्हणावी अशी. ती साबणासकट तिने पेल्याने ढकलत ढकलत कचऱ्यात लोटली.

गावात नव्याने राहायला आलेल्या सगळ्यांचीच ही गत होती. शेजारची निवृत्त दातांची डॉक्टरीण शुक्रवारी दुपारीच पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायची, मागच्या दाराने आत शिरायची आणि सोमवारपर्यंत खिडक्यांचे पडदे हलू द्यायची नाही. "मी तर चक्क मेल्याचं सोंग घेते," ती कुंपणावरून मावशीला म्हणाली होती. "तुम्हीही घ्या."

"आमच्याकडे एकजण सोंग घेईल हो," मावशी म्हणाली, "पण दुसरा धक्क्यावर जाऊन हात हलवतोय ना!"

त्या रविवारी घरात अकरा डोकी होती. न्याहारी उरकून कप्तान सगळ्यांना घेऊन दीपस्तंभाकडे निघाला. पुढे तो, टोपी आणि दुर्बीण, मागे पाहुण्यांची माळ. नणंद तेवढी मागे राहिली. तिचं डोकं दुखत होतं, ती पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवी झाली.

मावशी भांडी घासत होती. न्हाणीघरातून एक आवाज आला. खोल, गुळगुळ, जडान्न खाल्लेल्या माणसाच्या पोटातून यावा तसा. ती दारात गेली आणि तिथेच थिजली.

संडास तुंबून वर आला होता. काळपट पाणी भांड्याच्या काठावरून सांडत होतं आणि त्यातून काय काय तरंगत होतं, ते सांगायला नको. मोरीच्या जाळीतूनही तेच उलटं येत होतं, केसांच्या पुंजक्यांसकट. कुणाचीतरी रबरी चप्पल त्यात होडीसारखी फिरत होती. वासाने तिचे डोळे चुरचुरले.

"ताई!" तिने हाक मारली. "अहो ताई, जरा या इकडे!"

नणंद आली, पदर नाकाला लावून लांबूनच तिने डोकावलं. "अगंबाई! शी!" म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. "आता हो काय?"

"कुणीतरी आत काहीतरी टाकलंय. कापूस म्हणा, पॅड म्हणा. मी शंभरदा सांगितलं होतं, इथले पाइप बारीक आहेत."

"आता कोणी टाकलं ते कसं कळणार, वहिनी? पोरीबाळी आहेत." नणंद वळली. जाता जाता म्हणाली, "मला तर बाई बघवत नाही. तुमचं बरं, तुम्हाला हॉटेलातली सवय आहे."

ती वाईट हेतूने बोलली नव्हती. जे वाटलं ते बोलली, इतकंच. पण मावशीच्या हातात पाण्याचा मग होता आणि ती वाकायलाच निघाली होती. सवयीने. ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली. या घरात आपल्याला कोण समजतात ते तिला लख्ख दिसलं, आणि त्या काळ्या पाण्याहून त्याची शिसारी जास्त आली.

तिने हातातला मग खाली ठेवला. न्हाणीघराचं दार ओढून घेतलं, उंबऱ्याशी एक जुनी चादर कोंबली. अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि घरातून चालू लागली.

गाव पायी फिरण्यासारखं होतं, पण रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बेकरीसमोर लोक उभ्याउभ्या खात होते आणि कागद वाऱ्यावर सोडत होते. वाळूत आइस्क्रीमचे कप रुतलेले, एक कुत्रा ते चाटून पुन्हा ओकत होता. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली एक बाई तान्ह्या पोराचं ढुंगण धूत होती आणि तिच्या मागे बाटली भरायला थांबलेला माणूस शांतपणे फोन बघत होता. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक जाडा गृहस्थ मावशीला बघून, पँटची चेन ओढत, हसून म्हणाला, "काय सुंदर गाव आहे हो तुमचं!"

ती तोंड घट्ट मिटून पुढे निघाली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

धक्क्याच्या पलीकडे, जिथे पाहुणे फिरकत नाहीत, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी होड्यांच्या ताडपत्र्या शिवायची. सगळे तिला ताडपत्रीवालीच म्हणत. मावशी येता-जाता तिच्या हाताकडे बघत थांबायची, एवढीच ओळख. आज ती आत शिरली आणि दोरांच्या वेटोळ्यावर बसली. शेडमध्ये डांबराचा, मेणाचा, जुन्या कापडाचा वास होता. कडक पण स्वच्छ.

"काय गं?" म्हातारीने मान वर न करता विचारलं.

"घाण झालीय."

"कुठे?"

"घरात."

"मग काढ की."

"मी नाही काढणार."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं, वेळ घेऊन. मग ताडपत्रीचं एक टोक तिच्या मांडीवर सरकवलं आणि जाड सुई पुढे केली. "बरं. मग हे धर. कड दुमडून घे. दोरा मेणातून काढायला विसरू नकोस."

मावशीने सुई धरली. पहिल्या टाक्याला बोट दुखलं, चौथ्याला हात बसला. ती शिवत राहिली.

बऱ्याच वेळाने शेडच्या दारात सावली पडली. कप्तान. टोपी तिरकी, चेहरा घामाने डबडबलेला.

"अगं, तू इथे? आम्ही सगळं गाव पालथं घातलं! घरी वासाने बसवत नाही. सगळे ओट्यावर उभे आहेत." मग जरा अडखळून, "आणि जेवायचं काय करायचं?"

मावशीने वर पाहिलं. ती टोपी, ती दुर्बीण, ओठाच्या कोपऱ्यात सुकलेला पांढरट फेस. इतक्या वर्षांचा नवरा, आणि तिला त्याची किळस आली. खरीखुरी, घशाशी येणारी. त्याने हात लावला असता तर ती ओरडली असती. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांना बोलावलं कुणी?"

"मीच. पण..."

"मग तुम्हीच काढा."

"मी? अगं, मी ते कधी..."

"मीही जन्माला येताना शिकून आले नव्हते."

तो म्हातारीकडे वळला, काही मदत मिळते का बघायला. म्हातारी दाताने दोरा तोडत होती. "मागे चेंबर असेल," ती म्हणाली. "झाकण उचल आणि बांबू घाल. प्लंबर रविवारी येत नाही."

कप्तान गेला.

पुढचं मावशीला शेजारच्या डॉक्टरणीने सांगितलं. ती पडद्याच्या फटीतून सगळं बघत होती. पाहुणे बॅगा भरून दुपारच्या लाँचेची वाट बघत धक्क्यावर जाऊन बसले, एकजणही थांबला नाही. नणंदेचा नवरा जाताना म्हणाला, "काळजी घ्या, दादा." कप्तान मागच्या बाजूला गुडघ्यावर बसून बांबू घालत होता. दोनदा उठून तो कुंपणाशी जाऊन ओकला. मग पुन्हा बसला. केस, कापूस, कोंबडीची हाडं आणि एक प्लॅस्टिकचा चमचा, असं एकेक बाहेर आलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मावशी घरी आली तेव्हा फरशी ओली होती आणि फिनेलच्या वासाने घर भरलं होतं. कप्तान पायरीवर उघड्या डोक्याने बसला होता. टक्कल उन्हाने लाल झालेलं.

"झालं साफ," तो म्हणाला. "एकानेही बांबू धरू का म्हणून विचारलं नाही गं."

मावशी त्याच्या शेजारी बसली नाही आणि पाठीवरून हातही फिरवला नाही. "साबण लावून आंघोळ करा," म्हणाली, "आणि टॉवेल वेगळा घ्या."

त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. शुक्रवारी फोन वाजला, दीर येणार म्हणत होते. कप्तानाने फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

"या म्हणा की," ती म्हणाली. "मी शेडमध्ये असेन. म्हातारीला हाताखाली कुणीतरी हवंच आहे."

आणि ती खरंच गेली. शनिवारी गेली, रविवारी गेली. कप्तानाने चहा केला, अंडी करपवली, भांडी घासली, सोमवारी चादरी धुतल्या. चादरी दोरीवर टाकताना एका डागाकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग ती चादर पुन्हा पाण्यात नेऊन भिजवली.

असे काही शनिवार गेले. आयतं जेवण नाही म्हटल्यावर माणसं गळायला लागली. गोदामातल्या सोबत्यांना गुडघेदुखी आठवली, दिराला शहरातली कामं. शेवटी एकदा नणंदेचा फोन आला. आवाज इतका चढलेला, की मावशीला चुलीपाशी ऐकू येत होता. "दादा, सरळ सांग ना, वहिनींना आता आमची किळस येते म्हणून!"

"तिला नाही गं," कप्तान म्हणाला. "मला येते. दुपारच्या लाँचेने सगळे निघून गेलात ना, तेव्हापासून."

त्याने फोन ठेवला. मावशीने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा त्याच्या समोर बसून स्वतःचाही प्यायली. त्याच्या मिशीला चहा लागला होता. तिने बघितलं, आणि तिला काही वाटलं नाही.

शेडवर मात्र ती जातच राहिली. शनिवारच्या माणसांबद्दल तिचं मन काही पालटलं नाही. लाँच लागली की ती नाकाला फडकं लावून धक्का ओलांडायची आणि म्हातारीपाशी पोचल्यावरच ते सोडायची. कप्तान अधूनमधून डबा घेऊन यायचा. करपलेला असायचा. दोघी निमूट खायच्या.

पावसाळा सरल्यावर नणंद एकदा आली. बुधवारी, एकटीच, हातात छोटी पिशवी. सोबत स्वतःची चादर आणि टॉवेल आणला होता. त्या रविवारबद्दल ती काही बोलली नाही. स्वतःच्या सुनेच्या माहेरच्यांबद्दल मात्र भरभरून बोलली, ते कसे येऊन ठाण मांडतात आणि बेसिनमध्ये कसे खाकरतात. मावशी ऐकत होती. एकदोनदा तिला हसूही आलं.

बोलता बोलता नणंदेने कपातला उरलेला चहा खिडकीतल्या कुंडीत ओतला, चोथ्यासकट. मावशीच्या अंगावर काटा आला. ती दुसरीकडे बघू लागली.

मग नणंद उठली, "मी घासते हो कप, वहिनी," म्हणाली.

"घासा," मावशी म्हणाली, आणि बसून राहिली.