वडिलांच्या मागासाठी खोली

आई गेल्यावर वडील येवल्याला एकटेच राहत होते. मी दर सुट्टीत म्हणायची, नाशिकला चला. ते पैठणीचा काठ विणता विणता म्हणायचे, "एवढी साडी उतरू दे." साडी उतरली की दुसरी चढायची. मागच्या दिवाळीत मात्र ते आपणहून म्हणाले, "येतो. पण माग घेऊन येतो."

मी लगेच हो म्हणाले आणि घरी येऊन टेप काढला. हातमाग कुठेही कोपऱ्यात बसत नाही. विणणाऱ्याला पाय सोडायला खाली खड्डा लागतो आणि बाजूने भरपूर उजेड लागतो. आमचं घर काळ्या दगडाचं, बैठं, तीन खोल्यांचं. बारा वर्षांपूर्वी एका निवृत्त कारकुनाकडून आम्ही ते विकत घेतलं. स्वयंपाकघराच्या पलीकडे, उत्तरेच्या अंगाला थोडी मोकळी जागा होती, तिथे माझे मिरच्या वाळवण्याचे उद्योग चालत. खोली तिथेच वाढवायची ठरली.

आम्ही नेमलेल्या इंजिनिअर मुलीने कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. राखाडी भिंती, एक मोठी काच. खोली सुरेख होती, पण आमच्या घराशेजारी ती कुणीतरी आणून ठेवलेल्या फ्रिजसारखी दिसत होती. वडिलांना ते चित्र फोनवर पाठवलं तर ते म्हणाले, "हे तर पाहुण्याला वेगळं बसवल्यासारखं झालं."

मी शाळेत चित्रकला शिकवते. पंचवीस वर्षं मुलांना घराची चित्रं काढायला लावली, पण स्वतःच्या घराकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता रविवारभर अंगणात स्टूल टाकून बसले. दगडांचे थर मोजले. खिडक्या अरुंद आणि उंच, सगळ्यांची वरची रेघ एका पातळीत. वडिलांना तर बसल्या जागी उजेड हवा. मग सुचलं. वरची रेघ तीच ठेवायची, तशाच अरुंद तीन खिडक्या शेजारी शेजारी घ्यायच्या आणि त्यांची खालची कड वडिलांना हवी तेवढी उतरवायची. इंजिनिअर मुलीने मी काढलेल्या चित्राचा कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्या दिवशी मी शाळेत उगाच सगळ्यांना दहापैकी नऊ दिले.

अडलं ते दगडापाशी. तसा हाताने घडवलेला दगड आता मिळेना. दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल लावा, असं सगळे सांगू लागले. शेवटी आम्हाला घर विकणाऱ्या त्या कारकून काकांनाच फोन केला. ते म्हणाले, "घर बांधणारा मिस्त्री सायखेड्याचा. आहे अजून, टणक आहे."

मिस्त्री नातसुनेच्या स्कूटीवर मागे बसून आले. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, डोळे बारीक. माग कुठे बसेल ते दाखवायला वडीलही त्या दिवशी येवल्याहून आले होते. मिस्त्रींनी घराला एक फेरी मारली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवून हसले.

"ताई, हे सैपाकघर नंतर वाढवलंय. पहिलं घर दोनच खोल्यांचं होतं."

"कुठून वाढवलंय?" मी विचारलं.

"तुम्हीच दाखवा."

मी शोधलं, माझ्या नवऱ्याने शोधलं. बारा वर्षं त्या घरात राहून आम्हाला जोड सापडेना. वडील मात्र भिंतीला नाक लावून उभे राहिले आणि एका ठिकाणी बोट टेकवलं.

"हितं. पण जोडलेलं नाय हे. जुना दगड नव्यात अन् नवा जुन्यात घातलाय. आम्ही काठ अन् साडीचं अंग असंच विणतो, धागा धाग्यात अडकवून."

मिस्त्री एकदम गंभीर झाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ओळखलं," ते म्हणाले आणि वडिलांच्या शेजारी पायरीवर बसले.

दगडाचा प्रश्न त्यांनी चहा संपायच्या आत सोडवला. "सैपाकघराची ही उत्तरेची भिंत आता नव्या खोलीच्या आत जाणार. आतले दगड कुणाला दिसणार? तेच सोडवून बाहेर लावू, आत साधी वीट अन् गिलावा." हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

नकाशा मंजूर झाल्यावर काम सुरू झालं. मिस्त्री खुर्चीवर बसून दोन तरुण गवंड्यांकडून करून घेत. एकेका दगडावर खडूने नंबर घातलेला. कोपऱ्यातला एक दगड तीनदा काढून लावला तेव्हा गवंडी वैतागले, पण चौथ्यांदा बसला तेव्हा त्यांनीच मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माग टेम्पोतून आला. शेजारच्या वहिनी दोन महिने मुलीकडे जाऊन परतल्या होत्या. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "घर धुऊन घेतलं का हो? मोठं वाटतंय." मला इतका आनंद झाला की मी त्यांना हाताला धरून आत नेलं.

वडिलांनी पहिली साडी जांभळी चढवली. सकाळी तिन्ही खिडक्यांतून उजेड येतो आणि दगडी भिंतीमुळे खोली दुपारीही गार राहते. मिस्त्री आठवड्यातून एकदा बसने येतात, भिंत बघायला म्हणून. भिंतीकडे ते फारसे बघत नाहीत. मागाशेजारी बसतात आणि काठातले मोर मोजतात. वडील त्यांना सांगतात, "हात नका लावू, चुना असंल बोटांना." ते म्हणतात, "धुऊन आलोय." मी शाळेला निघते तेव्हा दोघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नसतं.