तोंडी आदेशाशिवाय लावलेलं सलाईन

शहाद्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी तीन वर्षं होते. शिक्षण एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिकेचं. सलाईन लावायला तिथल्याच एका जुन्या सिस्टरने शिकवलं. दिवसाला आठ-दहा लावायचे. अधिकार आहे का, हे कोणी विचारलं नाही. गुजरातेत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीकडून तिच्या कॉलेजात रबरी हातावर सराव करून घेतला होता. आमच्या कॉलेजात बाईंनी नुसता फळ्यावर हात काढून दाखवला होता.

पुढे धडगावच्या डोंगरातल्या उपकेंद्रात कंत्राटी नोकरी लागली. पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, डॉक्टरांच्या आदेशाशिवाय सलाईन लावायचं नाही.

उपकेंद्रात मोबाईलला रेंज नव्हती. त्यासाठी अर्धा तास टेकडी चढावी लागे. तरी जुन्या रजिस्टरात प्रत्येक सलाईनपुढे एकच ओळ होती: 'डॉक्टरांच्या फोनवरील तोंडी आदेशानुसार.' ती खोटी आहे हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं, तपासणाऱ्यांना माहीत होतं आणि डॉक्टरांनाही.

एका दुपारी बाळंतिणीचं रक्त थांबेना. गावची आशा सेविका ॲम्ब्युलन्सला फोन करायला टेकडीकडे पळाली. मी रक्त थांबायचं इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. नाडी बारीक झाली होती. सलाईनची जाड, हिरवी सुई घेतली, पहिल्याच टोचणीत शीर मिळाली, सलाईन सुरू केलं. गाडी दोन तासांनी आली. बाई वाचली.

मी रजिस्टरात लिहिलं: 'फोन लागत नाही. आदेश घेतलेला नाही. निर्णय माझा.' खाली वेळ आणि सही.

महिना संपताना पर्यवेक्षिका आल्या. ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला.

"माय, हाई काय लिखी ठेवं तू? फोनवर इचारं व्हतं, अशी लिख ना."

"फोन लागतच नाही, मॅडम."

"ते माले बी माहीत शे! तू काय सिव्हिल सर्जन लागी गयी का? पुढला महिनाम्हा तुन्हा करार संपस."

"माहीत आहे."

"मंग पान बदल."

"नाही बदलणार."

त्या चिडल्या, पण चहा पिऊन गेल्या. आठवड्याने खुलासा मागणारं पत्र आलं.

खुलासा मी एका पानात दिला. शहाद्यात हेच काम माझ्याकडून रोज करून घेतलं जात होतं. डोंगरात तेच काम खोटी ओळ लिहिली तर चालतं, खरी लिहिली तर गुन्हा ठरतं. मला रीतसर प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या आणि परवानगी लेखी द्या. ते जमत नसेल तर रक्त जाणाऱ्या बाईजवळ किती वेळ नुसतं बसायचं, तेवढं लेखी कळवा. आवक-जावक टेबलावर पोचेचा शिक्का मारून घेतला.

उत्तर आलेलं नाही. कराराची मुदत संपायला अकरा दिवस आहेत. काल जुलाबाने गळालेल्या एका म्हाताऱ्याला सलाईन लावलं. आदेशाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढे माझं पूर्ण नाव.