कापूस कोंबलेली घंटी

हिसानोबूला शांततेची भीती वाटायची. साठीचा, तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर बनवणारा, अंगापिंडाने रेड्यासारखा गडी, पण रेडिओ लावल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे. आई गेल्यापासून चार वर्षं हेच थेर. शेवटी बायको, फुमिए, वैतागली. "एक तर त्या नाइकानच्या, गप्प बसून आपलं आयुष्य आठवायच्या घरी आठवडाभर बसून या, नाहीतर मी चालले बहिणीकडे. मग करा रेडिओशीच संसार."

म्हणून तो नारा भागातल्या डोंगरावरच्या या घरी, खोलीच्या कोपऱ्यात घडीच्या पडद्याआड बसला होता. रेडिओ दारातच काढून घेतलेला. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं आठवायचं. दर दीड-दोन तासांनी तिथल्या मार्गदर्शक मिझोगुचीबाई येऊन पडद्यापुढे वाकायच्या आणि तेच तीन प्रश्न विचारायच्या. आईकडून काय मिळालं, तिला काय दिलं, तिला काय त्रास दिला? बालपणापासून तीन-तीन वर्षं करत बाई पुढे सरकत होत्या. पाचव्या दिवशी उरली आईची शेवटची तीन वर्षं.

व्हरांड्यातली फळी करकरली की बाई आल्याचं कळायचं. द्यावी काहीतरी थाप ठोकून, बाईंना काय कळतंय? पण या मेल्या शांततेत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि आईच्या उशाची घंटी मात्र ऐकू येत नव्हती. त्याचीच त्याला दहशत होती.

फळी करकरली. पडदा सरकला. बाई वाकल्या. "या वेळी काय आठवलंत?"

तो घाबरून थेट तिसऱ्या प्रश्नावरच गेला. "आई अंथरुणाला खिळली होती. रात्री काही लागलं तर वाजवायला उशाशी घंटी ठेवलेली. दहा-दहा वेळा वाजवायची. मला तीनला उठून सोयाबीन दळायचं असे. एका रात्री मी घंटीत कापूस कोंबला. ती जाईपर्यंत तो तसाच होता. सकाळी अंथरूण ओलं असायचं."

आता बाई बोलणार, थुंकणार तोंडावर. पण बाई रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "आणि मिळालं काय?"

त्याला आईचा उजवा हात आठवला. तो चांगला धड होता, त्याच हाताने ती जेवायची. कापसाचं टोक तर बोटभर बाहेर लोंबत होतं, ओढलं की निघालं असतं. आणि रोज सकाळी ओल्या अंथरुणात पडून ती विचारायची, "हिसा, लागली ना रे झोप?"

"झोप," तो म्हणाला. "आईनं मला झोप दिली."