पहिलं पाणी

नांदुऱ्यात आमच्या गल्लीतली जुनी पाइपलाइन बदलली, तेव्हा नळ कितीतरी दिवस कोरडे होते. दारापुढच्या खड्ड्यावर फळी टाकून आम्ही ये-जा करायचो. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस रोज दिसायचा. खांद्यावर लांब लोखंडी चावी, कानावर अर्धी बिडी. नाव मी कधी विचारलं नाही.

पाणी सोडायच्या दिवशी तो दारोदार ओरडत गेला, "पह्यलं पानी भरू नोका! लाइन धुऊन निघू द्या!"

नळ फुरफुरला आणि चहाच्या रंगाचं पाणी आलं. पण पाणी नालीत सोडायला कुणाचा हात धजतो? गल्लीभर ड्रम, हंडे, टोप लागले. तेवढ्यात तो परतला आणि माझ्या दारापुढच्या व्हॉल्व्हला चावी लावली. बंद केलं, तर पुन्हा कधी येणार?

"काऊन भरून राह्यले, बाई?"

"भांड्यांले चालते, दादा. संडासले चालते," मी म्हटलं.

त्यानं हंड्यातल्या गढूळ पाण्याकडे पाहिलं. मग चावी काढून घेतली.

"नोका भरू म्हनाचं माह्यं काम हाय. माह्या घरी बी कोनी आयकत नाही."

हंडा काठोकाठ आला. धार जमिनीवर पडायच्या आत त्यानंच बादली नळाखाली सरकवली.